इंग्रजी वाक्यात 'इज' की 'आर'? कर्ता लांबलचक असला की क्रियापद कसं ठरवायचं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या बचतगटांच्या संस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत लिहायचा आहे. 'शी गोज', 'दे गो' एवढं पक्कं आहे, पण कर्ता लांब झाला की क्रियापद एकवचनी घ्यावं की अनेकवचनी, तिथे अडतं. सध्या अडलेली वाक्यं देते.

१. द क्वालिटी ऑफ द सीड्स गिव्हन टू फार्मर्स – वॉज गुड की वेअर गुड?
२. ए नंबर ऑफ विमेन – हॅज जॉइन्ड की हॅव जॉइन्ड?
३. द चेअरपर्सन, अलाँग विथ टू मेंबर्स, – वॉज प्रेझेंट की वेअर प्रेझेंट?
४. फिफ्टी थाउजंड रुपीज – वॉज स्पेंट की वेअर स्पेंट?
५. शी इज वन ऑफ द मेंबर्स हू – हॅज की हॅव सर्व्ह्ड सिन्स २०१०?

व्याकरणाच्या पुस्तकात वीस-पंचवीस नियम आहेत. ते पाठ करता येतात, पण लिहिताना नेमका कोणता लावायचा ते सुचत नाही. हाताशी ठेवता येईल अशी एखादी पद्धत आहे का?

कर्तरी:
आधी उत्तरं देतो: वॉज, हॅव, वॉज, वॉज, हॅव.

आता अडतं का ते बघू, कारण ते कळलं की वीसपैकी निम्मे नियम लागतच नाहीत. मराठीत नामाचा सगळा लवाजमा नामाच्या आधी येतो. 'शेतकऱ्यांना दिलेल्या बियाण्यांची प्रत चांगली होती.' मुख्य नाम 'प्रत', ते शेवटी आलं आणि क्रियापदाच्या जवळ बसलं. त्यामुळे जवळचं नाम बघून क्रियापद लावायची आपली सवय मराठीत बहुतेक वेळा बरोबर ठरते. इंग्रजीत क्रम उलटा आहे. 'क्वालिटी' पहिल्यांदा येते, मग 'ऑफ द सीड्स', मग 'गिव्हन टू फार्मर्स'. क्रियापदापाशी पोचेपर्यंत कानात 'फार्मर्स' घुमत असतं आणि हात आपोआप 'वेअर' लिहितो.

ही चूक फक्त आपली नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना 'द की टु द कॅबिनेट्स' अशा धर्तीचे अर्धवट तुकडे देऊन वाक्य पुरं करायला सांगितलं, तर मधल्या अनेकवचनी नामाने त्यांनाही चकवलं. उलट बाजूने, म्हणजे मुख्य नाम अनेकवचनी आणि मधलं एकवचनी असताना, चुका फारच कमी झाल्या. तपासताना याचा उपयोग असा: मुख्य नाम एकवचनी आणि मध्ये अनेकवचनी नाम, ही जोडी दिसली की थांबायचं. धोका तिथेच जास्त.

पद्धत अशी. क्रियापदाच्या आधीचा पूर्ण तुकडा मनात मराठीत आणा आणि त्या मराठी तुकड्यातला शेवटचा शब्द धरा. तोच इंग्रजी क्रियापदाचा मालक.

'द लिस्ट ऑफ मेंबर्स हू हॅव टेकन लोन्स' म्हणजे 'कर्ज घेतलेल्या सदस्यांची यादी'. शेवटी यादी, म्हणून 'इज'. 'वन ऑफ द विमेन' म्हणजे 'बायकांपैकी एक'. शेवटी एक, म्हणून 'इज'. 'सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वर्क' म्हणजे 'साठ टक्के काम', म्हणून 'इज'. पण 'सिक्स्टी पर्सेंट ऑफ द व्हिलेजेस' म्हणजे 'साठ टक्के गावं', म्हणून 'आर'. टक्के, अपूर्णांक, 'ए लॉट ऑफ', 'मोस्ट ऑफ', 'सम ऑफ' या सगळ्यांना हेच लागू. पुस्तकात याचे चार वेगळे नियम असतात, ते वेगळे पाठ करायची गरज नाही.

तुमचं दुसरं वाक्यही यातच सुटतं. 'ए नंबर ऑफ विमेन' म्हणजे 'बऱ्याच बायका', म्हणून 'हॅव'. 'द नंबर ऑफ विमेन' म्हणजे 'बायकांची संख्या', म्हणून 'हॅज'. अहवालात दोन्ही येणार: 'द नंबर ऑफ विमेन इन द ग्रुप हॅज इन्क्रीज्ड.'

तिसरं: 'दोन सदस्यांसह अध्यक्ष'. शेवटी अध्यक्ष. 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ', 'ॲज वेल ॲज', 'इन ॲडिशन टु', 'इन्क्लुडिंग' यांपैकी काहीही आलं तरी कर्त्याची संख्या वाढत नाही. ती वाढवतो फक्त 'अँड'. माणसं तीन असली तरी व्याकरणाच्या हिशेबात कर्ता एकच. कानाला हे खटकत असेल तर 'द चेअरपर्सन अँड टू मेंबर्स वेअर प्रेझेंट' असं लिहून टाका.

चौथं: रक्कम, अंतर, मुदत एकगठ्ठा मोजली की एकवचन. इथे मराठी स्वतःच मदत करते. आपण म्हणतो 'पन्नास हजार रुपये ही मोठी रक्कम आहे', 'वीस किलोमीटर हे लांबचं अंतर आहे'. मराठीत 'ही रक्कम', 'हे अंतर' जोडता आलं की इंग्रजीत एकवचन घ्या. नोटा किंवा नाणी सुटी मोजत असाल तर मात्र अनेकवचन: 'टेन कॉइन्स वेअर फाउंड.'

पाचव्यात प्रश्न असा विचारा: २०१० पासून काम करणारे कोण? 'काम करणाऱ्या सदस्यांपैकी ती एक'. काम करणारे सदस्य, म्हणून 'हू हॅव'. वाक्यात 'द ओन्ली वन ऑफ द मेंबर्स हू' असेल तर काम करणारी ती एकटीच, म्हणून 'हॅज'.

धातुसाधित:
कर्तरींची पद्धत लांब कर्त्यासाठी उत्तम आहे. पण मराठी माणसाच्या बऱ्याच चुका आखूड वाक्यांत होतात. तिथे मधलं नाम फसवत नाही, मराठीचा प्रयोग फसवतो. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि शाळेत तो कोणी सांगत नाही.

मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जात नाही. 'सीतेने पुस्तकं वाचली आहेत.' वाचणारी एक, पण 'वाचली आहेत' हे पुस्तकांप्रमाणे चाललं. हा कर्मणी प्रयोग. याचीच सावली इंग्रजीवर पडते आणि 'सीता हॅव रेड द बुक्स' लिहिलं जातं. उलटही होतं. 'मुलांनी गाणं म्हटलं आहे' यातलं 'आहे' मनात असतं, म्हणून 'द चिल्ड्रन हॅज संग'. साध्या भूतकाळात ही चूक दिसत नाही, कारण 'रेड', 'सँग', 'बॉट' ही रूपं सगळ्या कर्त्यांना सारखीच. 'हॅज' आणि 'हॅव' आले की ती उघडी पडते. अहवालात 'गटाने तीन शेळ्या घेतल्या आहेत' हे 'द ग्रुप हॅज बॉट थ्री गोट्स' असंच हवं. शेळ्या तीन असोत की तीनशे, 'हॅज' बदलणार नाही. इंग्रजीला कर्म दिसतच नाही असं धरून चाला.

दुसरी जागा 'ला' आणि 'कडे' ची. 'तिला तीन मुलं आहेत', 'त्यांच्याकडे एक विहीर आहे', 'तिला आंबे आवडतात'. मराठीत ही क्रियापदं मुलं, विहीर, आंबे यांच्याप्रमाणे चालतात. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि क्रियापद माणसाप्रमाणे: 'शी हॅज थ्री चिल्ड्रन', 'दे हॅव ए वेल', 'शी लाइक्स मँगोज'. अशा वाक्यात आधी कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवा, क्रियापद ठरवा आणि मगच पुढचं लिहा.

तिसरी जागा आदरार्थी बहुवचनाची. 'सरपंच आले आहेत', 'डॉक्टर म्हणतात', 'वडील शेती करतात'. एकाच माणसासाठी आपण अनेकवचन वापरतो. इंग्रजी क्रियापदाला आदर दाखवता येत नाही. 'द सरपंच हॅज कम', 'माय फादर वर्क्स'. 'माय फादर वर्क' लिहिणारे पुष्कळजण 'माय मदर वर्क्स' बरोबर लिहितात, कारण आपण 'आई काम करते' असं एकवचनात बोलतो. चूक वडिलांपाशी होते आणि आईपाशी होत नाही, यावरून तिचं मूळ मराठीत आहे हे स्पष्ट दिसतं. पाहुण्यांबद्दल लिहिताना पुढच्या वाक्यातलं सर्वनामही बघा. 'ते म्हणाले' चं 'दे सेड' होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं पाहुणे दोघं-तिघं होते.

आणखी एक. नामाला 'एस' लागला की अनेकवचन, पण क्रियापदाला 'एस' लागला की एकवचन. म्हणून साध्या वर्तमानकाळात 'एस' बहुधा दोघांपैकी एकालाच मिळतो: 'द वुमन सेव्ज', पण 'द गर्ल्स सेव्ह'. 'डझ' आला की 'एस' त्याने घेतलेला असतो, मूळ क्रियापद कोरं राहतं. 'शी डझन्ट सेव्ज' चूक, 'शी डझन्ट सेव्ह' बरोबर. 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांच्यानंतर तर 'एस' चा प्रश्नच नाही.

ऐसपैस:
कर्तरींच्या पद्धतीला मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. मराठी शब्दाचं वचन आणि इंग्रजी शब्दाचं वचन जिथे जुळत नाही तिथे ती पद्धत थेट चुकीच्या उत्तराकडे नेते.

'पैसे आले आहेत' हे मराठीत अनेकवचन, इंग्रजीत 'द मनी हॅज कम'. 'केस पांढरे झाले', पण 'हर हेअर हॅज टर्न्ड ग्रे'. उलट कात्री, चष्मा, विजार हे मराठीत एक, इंग्रजीत 'द सिझर्स आर', 'द ग्लासेस आर', 'द ट्राउझर्स आर'. 'ए पेअर ऑफ सिझर्स' म्हटलंत की कर्ता 'पेअर', म्हणून 'इज'. 'पोलीस' इंग्रजीत कायम अनेकवचनी, 'द पोलीस आर'. एकटा असेल तर 'ए पोलीस ऑफिसर'. 'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स', 'मीझल्स' यांच्या शेवटी 'एस' दिसत असला तरी एकवचन.

अहवाल लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त सांभाळायचे ते हे शब्द: इक्विपमेंट, मशिनरी, फर्निचर, ट्रेनिंग, इन्फर्मेशन, फीडबॅक, ॲडव्हाइस. हे मोजता येत नाहीत, त्यांना अनेकवचन नाही. 'इक्विपमेंट्स वेअर बॉट' यात दोन चुका आहेत, आधी 'एस' ची आणि मग त्याच्या मागोमाग आलेल्या 'वेअर' ची. 'इक्विपमेंट वॉज बॉट' लिहा. वस्तू मोजायच्याच असतील तर 'थ्री मशीन्स वेअर बॉट', 'फोर ट्रेनिंग सेशन्स वेअर हेल्ड'.

पद्धत फसते अशी दुसरी जागा: 'मोअर दॅन वन मेंबर'. मराठीत 'एकाहून अधिक सदस्य होते', पण इंग्रजीत शेजारचा 'वन' क्रियापदाला धरून ठेवतो, 'वॉज ॲब्सेंट'. 'मेनी ए' चंही तसंच. 'ईच' आणि 'एव्हरी' कितीही नामांना लागले तरी एकवचन: 'एव्हरी व्हिलेज अँड हॅम्लेट वॉज सर्व्हेड'.

'अँड' बद्दल एक पुरवणी. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर वॉज' म्हणजे दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर वेअर' म्हणजे दोन व्यक्ती. दुसऱ्या 'द' वर सगळा फरक आहे. स्पर्धा परीक्षांत हा प्रश्न हमखास येतो, पण तुमच्या अहवालात तर त्याने माणसांची संख्याच बदलेल. म्हणून नावासकट लिहिलेलं बरं.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. कर्मणी प्रयोगाचं कारण वाचलं आणि 'हॅज' कुठे कुठे चुकतं ते लगेच दिसलं. आणखी दोन अडचणी. 'द कमिटी हॅज डिसायडेड' असं मी लिहिलं, पण एका जुन्या अहवालात 'द कमिटी हॅव डिसायडेड' आहे. आणि त्यातच 'द कमिटी रेकमेंड्स दॅट ही सबमिट द अकाउंट्स' असं आहे. 'ही' आहे तर 'सबमिट्स' नको का?

कर्तरी:
कमिटी, टीम, ग्रुप, स्टाफ ही समूहवाचक नामं. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं: समूह एक घटक म्हणून बघितला की 'हॅज', त्यातली माणसं डोळ्यांसमोर असली की 'हॅव'. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात 'इंडिया आर' ऐकू येतं ते यामुळेच. अमेरिकन लेखनात बहुतेक एकवचन. तुमच्या अहवालात सरसकट एकवचन ठेवा, पण पुढचं सर्वनामही त्याला जुळवा. 'द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट' यात अर्धं वाक्य एकीकडे, अर्धं दुसरीकडे. 'इट्स रिपोर्ट' हवं.

देशाच्या नावालाही हा प्रश्न पडलेला आहे. आज 'द युनायटेड स्टेट्स इज' असंच लिहितात, पण १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या मजकुरात त्याच देशासाठी 'देअर ज्युरिस्डिक्शन' असं अनेकवचनी सर्वनाम आहे. वचन हे बघण्यावरही अवलंबून असतं, म्हणून जुन्या अहवालातलं 'हॅव' मी चूक म्हणणार नाही. फक्त एका अहवालात एकच रीत ठेवा.

'ही सबमिट' बरोबर आहे, त्याला 'एस' लावू नका. रेकमेंड, सजेस्ट, इन्सिस्ट, रिक्वेस्ट, डिमांड या क्रियापदांनंतर 'दॅट' आला आणि अर्थ 'असं व्हावं' असा असला की क्रियापद मूळ रूपात राहतं. मराठीत 'त्याने हिशेब सादर करावेत' असं विध्यर्थी रूप येतं, त्याची ही जागा. 'बी' सुद्धा तसंच राहतं: 'इट इज नेसेसरी दॅट द मीटिंग बी हेल्ड इन एप्रिल.' ब्रिटिश लेखनात इथे 'शुड सबमिट' ही लिहितात, तेही ठीक. 'सजेस्ट' चा अर्थ 'सूचित होतं' असा असेल तर मात्र नेहमीचा नियम: 'द सर्व्हे सजेस्ट्स दॅट द वॉटर लेव्हल इज फॉलिंग.'

बारीकनजर:
मी छपाईआधी मजकूर तपासायचं काम करते, त्यामुळे लिहून झाल्यानंतरचं सांगते. लिहिताना नियमांकडे बघू नका, विचार तुटतो. तपासणी वेगळी करा.

इंग्रजीत कर्त्याप्रमाणे रूप बदलण्याच्या जागा थोड्याच आहेत: 'बी' ची वर्तमान आणि भूत रूपं, 'हॅव' आणि 'हॅज', 'डू' आणि 'डझ', आणि साध्या वर्तमानकाळातला 'एस'. भूतकाळात 'वॉज' आणि 'वेअर' सोडले तर काहीच बदलत नाही. वार्षिक अहवाल बहुतेक भूतकाळात असतो, म्हणजे 'प्लांटेड', 'कलेक्टेड', 'ऑर्गनाइज्ड' या क्रियापदांकडे बघायचीही गरज नाही.

वर्डमध्ये ॲडव्हान्स्ड फाइंड उघडा, 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली' वर खूण करा, नाहीतर 'इज' शोधताना प्रत्येक 'धिस' मध्येही थांबत बसाल. मग वॉज, वेअर, हॅज, हॅव, इज, आर या क्रमाने एकेक शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी थांबून मागे जा आणि 'कोण?' किंवा 'काय?' विचारा. 'वॉज बॉट, काय?' याचं उत्तर कर्ता. मध्ये 'ऑफ' असेल तर 'ऑफ' च्या अलीकडचं नाम आधी बघा, मग 'ए नंबर ऑफ', 'ए लॉट ऑफ', टक्के यांचा अपवाद आहे का ते बघा. साध्या वर्तमानकाळातली वाक्यं शोधून सापडत नाहीत, ती संस्थेची ओळख आणि उद्दिष्टं यांच्या परिच्छेदांत असतात. ते दोन परिच्छेद डोळ्यांनी वाचा.

वर्डच्या रेघोट्यांवर पूर्ण विसंबू नका. छोट्या वाक्यातली चूक ते बहुधा पकडतं, पण 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' एक की दोन हे त्याला कळायचा मार्ग नाही.

कर्ता क्रियापदाच्या पुढे असलेली वाक्यं मात्र वेगळी काढा. 'देअर वॉज टू रीझन्स' चूक, कारण 'देअर' कर्ता नाही. 'रीझन्स' कर्ता, म्हणून 'वेअर'. बोलताना इंग्रजी माणसंही 'देअर्ज टू' म्हणतात, लेखी मजकुरात ते नको. 'अटॅच्ड इज द बिल्स' हेही असंच चुकतं. तिथे 'आर' हवं.

रानजाई:
शेवटचं एक. 'नायदर द बँक नॉर द मेंबर्स' नंतर काय?

बारीकनजर:
'वेअर'. 'नायदर-नॉर', 'आयदर-ऑर' आणि 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' यांत क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. इथे जवळ 'मेंबर्स' आहे. क्रम उलटा करून 'नायदर द मेंबर्स नॉर द बँक' लिहिलंत तर 'वॉज' येईल. व्याकरणाने ते बरोबर, पण वाचताना अडखळायला होतं, म्हणून अनेकवचनी कर्ता नेहमी दुसरा ठेवा. तुमचं वाक्य आहे तसंच राहू द्या.